एमेरिटसची भेंडी

रोमन साम्राज्य बुडालं याचं मनापासून दुःख झालेला भिवंडीतला एकमेव माणूस म्हणजे माझे साडू. बाकीच्या गावाला सूत महागल्याचं दुःख असे, वीज गेल्याचं असे, नळाला पाणी न आल्याचं तर रोजचंच असे. पण इतक्या लांबच्या आणि इतक्या जुन्या गोष्टीसाठी जेवताना हात थांबवून सुस्कारा टाकणारे गृहस्थ आमच्याकडे हे एवढेच. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, एका हायस्कुलात इंग्रजीचे मास्तर. रोम त्यांनी पाहिलेलं नव्हतं. पश्चिमेकडचा त्यांचा सर्वांत लांबचा प्रवास वसईपर्यंतचा, तोही एका वऱ्हाडाबरोबर. रोमशी त्यांची ओळख झाली ती एका जाडजूड इंग्रजी कोशातून. हा कोश त्यांनी तरुणपणी कल्याणच्या रद्दीवाल्याकडून उचलून आणला होता, आणि आमच्या ताईंचं म्हणणं असं, की त्या लग्न होऊन या घरात आल्या त्या सवतीवरच. कोशात लोक शब्दाचा अर्थ बघतात. साडू अर्थाकडे ढुंकूनही न बघता थेट कंसात शिरत, जिथं तो शब्द मुळात कुठून आला ते बारीक टायपात दिलेलं असतं. "अर्थ काय, कुणीही सांगेल," ते म्हणत. "गोत्र सांगा, गोत्र!" बहुतेक शब्दांचं गोत्र लॅटिन निघे, आणि तसं निघालं की मुलीला चांगलं स्थळ मिळाल्यासारखं समाधान त्यांच्या चेहऱ्यावर पसरे.

मी मुलगी बघायला गेलो तेव्हा माझी परीक्षा घ्यायला सासऱ्यांनी या थोरल्या जावयालाच बसवलं होतं. मी जकात नाक्यावर कारकून. नोकरी कायम आहे का, घर स्वतःचं आहे का, असल्या प्रश्नांची उत्तरं पाठ करून गेलो होतो. साडूंनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "कँडिडेट म्हणजे काय?" मी म्हणालो, "उमेदवार." "ते झालं हो. मुळात काय?" मी पोह्यातली मिरची बाजूला काढली. "मुळात पांढऱ्या कपड्यातला माणूस," ते म्हणाले. "रोममध्ये निवडणुकीला उभा राहणारा खडूनं पांढराशुभ्र केलेला झगा घालून गावभर हिंडायचा." मग माझ्या चॉकलेटी बुशशर्टाकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "आणि तुम्ही उमेदवार म्हणून हे असे आलात." सासऱ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. आतल्या खोलीत मात्र कुणीतरी फिस्सकन हसलं आणि त्या हसण्यावर मी होकार देऊन टाकला. तेव्हापासून मी त्यांचा 'धाकटे' झालो, आणि ते माझे, सगळ्या गावाचे होते तसे, 'मास्तर'.

ही विद्या ते घरात ठेवत असते तर ठीक होतं, पण ते ती चौकात नेत. एकदा त्यांच्या गल्लीतल्या नळावर दोघींची जुंपली. एक आमच्याकडचीच, दुसरी लूमवर, म्हणजे यंत्रमागावर, काम करणाऱ्या एका भय्याची बायको. एकीनं दुसरीची कळशी रांगेतून काढून मोरीत ठेवली होती. प्रकरण केसांपर्यंत पोचणार एवढ्यात मास्तर मध्ये पडले. "थांबा! तुम्हाला माहीत आहे का, रायव्हल हा शब्द कुठून आला? लॅटिनमध्ये रिव्हस म्हणजे ओढा. एकाच ओढ्याचं पाणी भरणारे ते रायव्हल! म्हणजे तुमचं हे भांडण फार जुनं, फार खानदानी आहे." दोघी क्षणभर थांबल्या. मग दुसरी म्हणाली, "मास्टरजी, पहले पानी भरने दो, बाद में पढ़ाना," आणि पहिलीनं तिला दुजोरा दिला, "नाय तर काय! सकाळधरनं पाणी न्हाय, आन् यांचं भलतंच." दोघींनी मिळून मास्तरांचीच बालदी रांगेच्या शेवटी नेऊन ठेवली. भांडण मिटलं, एवढं खरं. मास्तर याला लॅटिनचा विजय म्हणत.

पण त्यांची खरी करामत लॅटिन नव्हे, आवाज. त्यांच्या शाळेच्या आवाराच्या मागच्या भिंतीला लागून लूमचा कारखाना होता. सकाळी शाळेची घंटा व्हायच्या आधीपासून तिकडे खडखडाट सुरू, तो शुक्रवारची लूमची सुट्टी सोडली तर अखंड. त्या बाजूच्या वर्गांत शिकवणं म्हणजे नवे मास्तर शिक्षाच समजत. कुणी घसा फोडून घेई, कुणी फळ्यावर लिहून लिहून वेळ मारून नेई. आमच्या मास्तरांनी मात्र स्वतःची एक रीत बसवली होती. ते लूमच्या वर ओरडत नसत, लूमच्या मध्ये बोलत. सूत वाहून नेणारा धोटा इकडून तिकडे गेला की फणी धाडकन आपटते. त्या दोन आपटण्यांच्या मधल्या फटीत मास्तर आपला शब्द बरोबर सरकवून देत. "द किंग! वॉज! व्हेरी! अँग्री!" शेवटच्या बाकावरचा पेंगणारा पोरगासुद्धा राजाच्या रागानं दचके. "लूमशी भांडायचं नाही," ते सांगत, "तिच्या ठेक्यात बसायचं." तिकडे एक सोडून पुष्कळ लूम एकदम चालत असताना मधली फट यांना सापडते कशी, हे मला कधी समजलं नाही. पण ते पैजेवर सांगत की कारखान्यातली कुठली लूम बिघडायला आली आहे हे आपल्याला लूम दुरुस्त करणाऱ्या जॉबरच्या आधी कळतं.

या रीतीचे परिणाम व्हायचे ते झाले. त्यांचे विद्यार्थी ठाण्याला मुलाखतीला गेले की दर शब्दाला थांबून इंग्रजी बोलत, आणि साहेब विचारी, "भिवंडीचे का?" शुक्रवारी लूम बंद असतानाही मास्तरांचा आवाज कमी होत नसे, त्यामुळे शुक्रवारचा धडा शाळेसमोरच्या पानवाल्यालाही पाठ होई. घरात ते ताईंकडे मीठ मागत ते शेजारीण आणून देई. एकदा आम्ही एकाच्या घरी दुखवट्याला गेलो होतो. तिथं मास्तर त्या माणसाच्या कानाशी वाकून आपल्या समजुतीनं कुजबुजले, "धीर! धरा!" आणि पूर्ण चाळीनं धीर धरला.

असे हे मास्तर अठ्ठावन्न वर्षांचे व्हायला आले तेव्हा घरात सुतक आल्यासारखं झालं. त्यांना शाळेशिवाय दुसरं काही येत नव्हतं. मूलबाळ नव्हतं. पत्ते ते खेळत नसत, देवळात गेले तर गाभाऱ्यातून पुजारी 'हळू' म्हणून हात करी. महिनोन् महिने ते कोशसुद्धा उघडत नव्हते, आणि ताई माझ्या बायकोपाशी डोळे पुसत, "सवत परवडली गं, हे बसून राहणं नको," म्हणाल्या. मग एका रविवारी सकाळी मी दाढी करत असताना मास्तर वर्तमानपत्र फडकावत दारात उभे. मुंबईच्या कुणा प्रोफेसरांना निवृत्तीनंतर 'प्रोफेसर एमेरिटस' केल्याची बातमी होती.

"धाकटे, मी रिटायर होत नाही. मी एमेरिटस होतोय."

माझी बायको चहाचा कप घेऊन आली होती. तिनं काळजीनं विचारलं, "भावोजी, औषधपाणी चालू केलं का?"

त्यांनी आम्हा दोघांना समोर बसवलं आणि गोत्र सांगितलं. रोमन सैन्यात सैनिकाची नोकरीची मुदत ठरलेली असे. ती त्यानं इमानानं पुरी केली, लढून आपला मान कमावला, की तो एमेरिटस. म्हणजे सेवा पुरी फेडून बाहेर पडलेला. हाकललेला नव्हे, थकलेला नव्हे, मुदत भरलेला. पुढे विद्यापीठांनी हा शब्द उचलला आणि आपल्या म्हाताऱ्या प्रोफेसरांना लावला. मी म्हणालो, "मास्तर, पण हे युनिव्हर्सिटीवाल्यांचं झालं. तुम्ही हायस्कूलमध्ये."

"रोमन सैनिक काय एम. ए. होता?" ते गरजले. "आणि ऐका. अशा सैनिकाला सरकार जमीन द्यायचं."

"तुम्हाला कोण देणार जमीन?"

"बघू," असं म्हणून त्यांनी माझा चहा पिऊन टाकला.

निरोप समारंभ झाला. शाल झाली, श्रीफळ झालं. आता आपल्याकडे निरोप समारंभात काय काय बोलायचं ते ठरलेलं आहे. हेडमास्तर मास्तरांचेच जुने विद्यार्थी, मवाळ माणूस. त्यांनी गहिवरून सांगितलं, "सर निवृत्त होत आहेत असं आम्ही मानतच नाही. शाळा त्यांचीच आहे. शाळेचे दरवाजे त्यांच्यासाठी सदैव उघडे आहेत." ही वाक्यं महाराष्ट्रात रोज कुठे ना कुठे बोलली जातात आणि ऐकणारा माणूस डोळे टिपून नारळ घेऊन घरी जातो. ती खरी मानणारा पहिला माणूस आमच्या घराण्यात निघायचा होता. जूनमध्ये शाळा उघडली त्या दिवशी शाळेचा शिपाई कुलूप काढायला आला, तर फाटकाशी मास्तर उभे. एका हातात छत्री, दुसऱ्या हातात कुदळ.

वर्गांची मागची रांग आणि कारखान्याची भिंत यांच्यामध्ये एक पट्टा रिकामा पडला होता. मास्तरांनी तो रोमच्या वतीनं ताब्यात घेतला. शिपाई खारबावचा, शेतकरी घरातला. त्याला ते बघवेना. "मास्तर, साळंच्या जाग्यात भेंडी लावाची म्हंजे... कोनाला इचारलंय का न्हाय?"

"शब्द दिलाय त्यांनी. माईकवर."

"आन् वाफं असं आडवं काढतात का? पानी सगलं वर्गात जाईल ना!" असं म्हणून बिचाऱ्यानं स्वतःच कुदळ घेतली आणि वाफे नीट काढून दिले. श्रावणात भेंडी धरली. ती शिक्षकांच्या खोलीत वाटली जाऊ लागली तसा एमेरिटस या पदाला असलेला विरोध मावळला. हेडमास्तरांच्या घरीही आठवड्यातून दोनदा भेंडी होई. शाळा चालवणाऱ्या मंडळाच्या अध्यक्षांना त्या पट्ट्यावर सायकल स्टँड बांधायचं होतं, पण हेडमास्तर 'पीक उभं आहे' म्हणून तो विषय पुढे ढकलत राहिले. एवढ्यावर सगळं सुखानं चाललं असतं.

पण मास्तरांच्या जागेवर एक नव्या बाई आल्या होत्या. ठाण्याहून एस. टी.नं येत. नुकत्याच बी. एड. झालेल्या, हुशार, आणि आवाज असा मऊ की लूम बंद असतानाही दुसऱ्या बाकाच्या पुढे जाऊ नये. त्यांचा वर्ग नेमका भेंडीच्या खिडकीचा. बाई आत म्हणाल्या, "ओपन युवर बुक्स." कुणालाच ऐकू गेलं नाही. बाहेर मास्तर वाफे निंदत होते. त्यांनी एकदा ऐकलं, दोनदा ऐकलं, तिसऱ्यांदा राहवेना. भेंडीतून आवाज आला, "ओपन! युवर! बुक्स!" सगळ्या वर्गानं एकदम पुस्तकं उघडली. बाईंना वाटलं, चला, जमलं. दुसऱ्या दिवसापासून मात्र बाई एक वाक्य बोलत आणि भेंडी तेच वाक्य परत बोले. कधी कधी भेंडी त्यात एखादं गोत्रही घाली. महिन्याभरात अर्ध्या मुलांनी बाकं खिडकीकडे फिरवली. इन्स्पेक्शनला आलेल्या साहेबांनी बाईंना प्रश्न विचारला आणि उत्तर खिडकीबाहेरून मिळालं. त्या संध्याकाळी बाई हेडमास्तरांच्या खोलीत रडल्या. "सर, एक तर त्यांना सांगा, नाही तर मी राजीनामा देते. मुलं माझ्याकडे बघतसुद्धा नाहीत."

हेडमास्तर जकात नाक्यावर माझ्याकडे आले. "तुमचे साडू आहेत, तुम्हीच सांगा. मी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्यात. त्यांच्यासमोर उभा राहिलो की अजून माझा हात आपोआप पुढे होतो. पण आता ऐकलं नाही त्यांनी, तर मला फाटक बंद करावं लागेल हो. बाई गेल्या तर मुलांचं वर्ष जाईल."

मी गेलो. मास्तर ओसरीवर कोश घेऊन बसले होते. मी चाचरत, आडवळणानं, शेवटी सरळच सांगितलं. ते खूप भडकले. शब्द दिला होता, शाळा माझी आहे, पोरांना ऐकू जात नव्हतं म्हणून बोललो, त्यात चुकलं काय, मी एमेरिटस आहे, मला कुणी हलवू शकत नाही. हे सगळं अर्थात गल्लीनं ऐकलं. ते दम घ्यायला थांबले तेव्हा स्वयंपाकघरातून ताईंचा आवाज आला. त्या भेंडीच चिरत होत्या.

"मी काय म्हणते, त्या तुमच्या सैनिकांना जमीन द्यायचे, ती कुठं द्यायचे?"

"कुठं म्हणजे? लांब लांब. नव्या मुलखात. तिथं जाऊन ते वस्ती करायचे."

"छावणीत नाही?"

मास्तरांनी कोशाचं पान उलटून बघितलं.

"छावणीतच बसवला असता," ताई विळीवरून हात न काढता म्हणाल्या, "तर तो रोज नव्या पोरांना भाला धरायला शिकवत बसला असता. मग लढायचं कुणी? रोमचे लोक शहाणे होते. तुम्हाला एवढं आवडतात ते उगीच नाही."

मास्तरांनी कोश मिटला. त्यांचा चेहरा मला बघवेना. हा माणूस इतकी वर्षं दुसऱ्यांना गोत्रं सांगत आला, आणि आपल्या एकुलत्या एका पदवीचा पत्ता त्याला विळीवरून कळत होता. ते दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी गेले आणि बाईंच्या वर्गाच्या दाराशी उभे राहिले. बाईंनी पदर घट्ट धरला. मास्तर म्हणाले, "बाई! तुम्ही! पहिला शब्द! फार लवकर टाकता."

माफी मागायची त्यांची ही पद्धत होती. ती बाईंना समजायला थोडा वेळ लागला, पण मुलगी गुणी. मग रोज शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात शिकवणी सुरू झाली. पहिले काही दिवस तर मास्तरांनी बाईंना बोलूच दिलं नाही. खिडकीशी उभं करून नुसती लूम ऐकायला लावली. "उत्तर द्यायचं नाही तिला. ती काय म्हणते ते आधी ऐका. श्वास कुठं घेते बघा." मग ते बाहेर पहिल्या वाफ्यात जाऊन उभे राहत, बाई आतून वाक्य म्हणत, आणि ऐकू आलं तर मास्तर हात वर करत. हात वर झाला की उद्या पुढचा वाफा. बाई कधी वैतागत, "सर, मला नाही जमणार. माझा गळाच तसा नाही." "गळा कुणी मागितलाय?" मास्तर भेंडीतून ओरडत. "वेळ साधा, वेळ!" शिपाई झाडू घेऊन हे बघत उभा राही आणि हात वर झाला की तोच टाळ्या वाजवी.

दिवाळीच्या सुट्टीआधी बायकोनं मला शेवटची भेंडी आणायला पिशवी देऊन पाठवलं. मी मागच्या बाजूला गेलो. वर्ग चालू होता, लूम चालू होत्या. मास्तर पार टोकाला, कारखान्याच्या भिंतीला पाठ लावून उभे होते. मला त्यांनी बोट ओठांवर ठेवून गप्प केलं. आणि त्या खडखडाटातून आतलं वाक्य आलं. ओरडून नव्हे, मास्तरांसारखं तुकडे तुकडे करूनही नव्हे. बाईंच्याच मऊ आवाजात, पण एकेक शब्द सुटा, स्वच्छ, फटीतून अलगद सरकून भिंतीपर्यंत. मास्तरांनी हात वर केला.

आत बाई फळ्यावर काहीतरी लिहीत होत्या. मुलांच्या सगळ्या पाठी खिडकीकडे होत्या. हात कुणीच पाहिला नाही. बाईंना आता तो बघायची गरज राहिली नव्हती. मास्तर तरीही हात वर धरून उभे होते, बाईंनी बघितला तर असावा म्हणून. इतकी वर्षं मी या माणसाची थट्टा केली, पण त्या क्षणी त्यांचा तो हात जाऊन आपणच खाली घ्यावा असं मला वाटलं. शेवटी त्यांनी तो स्वतःच उतरवला, धोतराला पुसला, आणि माझ्या पिशवीत उरलीसुरली निबर भेंडी भरली.

फाटकाशी शिपायानं विचारलं, "मास्तर, सुट्टीमंदी पानी घालाला येताव ना?"

"नाही रे. काढून टाक सगळं. सायकली उन्हात तापतात पोरांच्या."

आम्ही रस्त्यानं चालू लागलो. दोन्ही बाजूंनी कारखाने होते. चार-पाच कारखाने मागे पडल्यावर ते म्हणाले, "चांगलं शिकवते हो पोरगी."

"तुमच्यापेक्षा?" मी मुद्दामच विचारलं. ते चिडतील, थांबतील, मला रोममधली एखादी शिवी देतील आणि सगळं पहिल्यासारखं होईल असं मला वाटलं.

त्यांनी कानाला हात लावला, मान हलवली आणि लूमकडे बोट दाखवून ऐकू येत नसल्याची खूण केली. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी हे ढोंग केलं. मीही तो प्रश्न पुन्हा विचारला नाही.